निळी झालेली ओळ

वैजयंता मला हो म्हणाली.

हे वाक्य आता विसरून जा. तसं काही झालेलं नाही. मी अविवाहित आहे, मिरजेत राहतो आणि इतरांची लग्नं जमवायला हातभार लावतो, एवढंच खरं धरून पुढे चला.

"शेडबाळे, आवाज येत नाहीये."

हा आवाज पाटणकर बाईंचा. 'आकाशगंगा वधू-वर सूचक केंद्रा'च्या त्या मालकीण. गावातली निम्मी लग्नं त्यांनी जमवली होती आणि स्वतः बिनलग्नाच्या होत्या. कुणी विचारलंच तर "हलवायानं पेढे खाऊ नयेत" असं म्हणून विषय संपवायच्या. त्यांचं टेबल माझ्या समोर होतं, त्यामुळे कॉम्प्युटरची फक्त पाठ त्यांना दिसायची. पण त्यांना पडद्याची गरज नव्हती. केंद्राच्या खालीच सतारमेकरांचं दुकान. दिवसभर तिथे तंबोऱ्याच्या तारा लावणं चालू असायचं, वाजवायचं मात्र कुणी नाही. वर्षानुवर्षं ते ऐकून बाईंचा कान इतका तयार झाला होता, की कीबोर्डच्या खटखटीवरून त्यांना कळायचं, मी बायोडेटा चढवतोय की खिडकीबाहेर बघतोय.

"वाचत होतो, बाई."

"वाचायचा पगार नाही तुम्हाला. टायपायचा आहे."

मग मी स्पेसबार बडवायचो. स्पेसबारचा आवाज भारदस्त असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस कामात बुडालाय.

आमच्याकडे कॉम्प्युटर एकच. सकाळच्या पाळीला वैजयंता आवळे, दुपारच्या पाळीला मी, अभिनंदन शेडबाळे. मधे कॉम्प्युटरला विश्रांती. "बैलालासुद्धा दुपारी सोडतात," असं बाईंचं म्हणणं. विश्रांती म्हणजे त्या नुसता पडदा बंद करायच्या, टीव्ही करतात तसा, आणि वर विणलेला रुमाल टाकायच्या. आत बैल जागाच असायचा, पण हे त्यांना सांगायची हिंमत कुणात नव्हती.

या विश्रांतीमुळे वैजयंताची आणि माझी गाठ कधी पडायची नाही. सुरुवातीला मी तिला ओळखायचो ते खुर्चीच्या उंचीवरून. ती रोज खुर्ची खाली घ्यायची, मी रोज वर. नोकरीतले पहिले काही महिने आमचं नातं एवढंच होतं.

एका दुपारी मी ब्राउझरमधल्या पत्त्याच्या पट्टीत, साईटच्या पत्त्यापुढे, "कंटाळा आलाय" असं लिहिलं. का, ते माहीत नाही. तेवढ्यात बाई उठल्या, मी घाईत पडदा बंद केला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी रुमाल काढून बघतो तर ओळ तशीच होती, आणि तिच्यापुढे वाढ झाली होती.

"मलाही. आणि खुर्ची इतकी वर नेऊ नका. उडी मारून बसावं लागतं."

मी लिहिलं, "उडी मारताना चहाचा कप बाजूला ठेवा. कीबोर्डवर मुंग्या येतात."

"मुंग्या तुमच्या लाडवाच्या आहेत. चहाला येत नाहीत."

असं सुरू झालं. चिठ्ठी लिहिली असती तर बाईंनी वाचली असती. त्या टेबलाचे कप्पे रोज झाडून घ्यायच्या. बाईंचा भाचा मकरंद कॉम्प्युटरमधला जाणकार. त्याने चॅटच्या सगळ्या साईट बंद करून टाकल्या होत्या आणि कोण काय बघतं हे तो संध्याकाळी येऊन तपासायचा. पण पट्टीत लिहून एंटर मारला नाही, तर ते कुठेच उमटत नाही. एंटर न मारलेल्या गोष्टींची जगात नोंद होत नाही. माझा स्वभाव तेव्हा त्या पट्टीला अगदी साजेसा होता.

वाचायची रीतही आम्ही बसवली होती. केंद्राच्या साईटचा पत्ता मकरंदने मारुतीच्या शेपटीएवढा करून ठेवला होता, त्यामुळे पट्टीत आमच्या वाट्याला जेमतेम चार शब्दांची जागा उरायची. बाकीचं काठाबाहेर. मग ओळीच्या शेवटी एकदा क्लिक करायचं, उभी रेघ लुकलुकायला लागली की स्पेसबार बडवत राहायचं आणि मधूनमधून बाणाच्या बटणाने मागे सरकत वाचायचं. बाईंना काम ऐकू यायचं आणि आम्हाला एकमेकांचं बोलणं.

'तुम्ही'वरून 'तू'वर यायला फार वेळ लागला नाही. जागाच तेवढी होती. 'तू' एकाच अक्षरात बसतं.

"आज एकाने छंद या रकान्यात 'झोप' लिहिलंय. प्रामाणिक वाटतो."

"त्याला कुणी मिळणार नाही. तू काय लिहिशील?"

"वाचन."

"काय वाचतेस?"

"हीच पट्टी."

त्या दिवशी मी इतका वेळ स्पेसबार बडवला, की बाई म्हणाल्या, "शेडबाळे, जरा दमानं. लग्नं काय पळून चाललीत?"

समोरासमोर आम्ही धड भेटलो ते एकदाच, सांगलीच्या मेळाव्यात. मुलांच्या छातीला क्रमांकाचे बिल्ले लावायचं काम वैजयंताकडे होतं. ऐनवेळी एक मुलगा आला नाही. क्रमांक गाळला तर अपशकुन, म्हणून बाईंनी त्याच्या जागी मलाच उभा केला. वैजयंताने माझ्या शर्टाला बिल्ला लावला. टाचणी लावताना तिची जीभ दातांत होती.

"टोचली तर ओरडू नको," ती म्हणाली.

"ओरडेन कसा? शर्ट माझा आहे, पण छाती त्या मुलाची."

"त्याला दोन एकर ऊस आहे. जरा ताठ उभा राहा."

मंचावर मी त्याचा सगळा बायोडेटा म्हणून दाखवला. ऊस सांगितला, फ्लॅट सांगितला, रक्तगटही सांगितला. शेवटी निवेदकाने विचारलं, "आणि अपेक्षा?"

त्या मुलाने "गृहकृत्यदक्ष" लिहिलं होतं. मी खाली बघितलं. वैजयंता बिल्ल्यांची पिशवी पोटाशी धरून उभी होती.

"खुर्ची खाली करून बसणारी," मी म्हणालो.

सभागृहात कुणालाच काही कळलं नाही. एका मुलीच्या वडिलांनी मात्र जेवणाच्या वेळी मला गाठून विचारलं, घरात खुर्च्या किती आहेत.

त्यानंतरच्याच आठवड्यात बाईंनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. "हा आधी चढवा. घरचंच काम आहे."

वर नाव होतं वैजयंता शंकर आवळे. वडील रेल्वेतून निवृत्त, पत्ता रेल्वे वसाहतीमागचा. छंद, वाचन. अपेक्षांचा रकाना कोरा.

"ह्यांचं?" मी विचारलं.

"काल वडील येऊन नोंदवून गेले. मुलगी रोज लग्नं चढवते, तिचंच राहिलंय म्हणाले."

आमच्या साईटवर शोधायची रीत अशी होती: आधी जात, मग पोटजात, मग उंची, मग माणूस. त्या हिशोबाने वैजयंता आणि मी पहिल्या रकान्यातच एकमेकांना दिसेनासे होत होतो. आमच्या घरी कांदासुद्धा विचारून आत येतो. तिच्या घरचं मला माहीत नव्हतं, पण जातीच्या रकान्यात तिच्या वडिलांनी लिहिलेल्या 'आमच्यातलाच हवा'खाली पेनाची दुहेरी रेघ होती.

मी दुपारभर इतरांचे बायोडेटा चढवले. तो कागद सगळ्यांच्या खाली सरकवत राहिलो. निघायच्या आधी पट्टीतलं जुनं सगळं पुसलं आणि लिहिलं: "तुझा बायोडेटा आलाय माझ्याकडे. चढवू, की माझ्या घरी घेऊन जाऊ?"

मग बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला एंटर मारावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी रुमाल काढला तेव्हा पट्टी वेगळी दिसत होती. कोपरे गोल झाले होते, अक्षरं बारीक झाली होती. सकाळी मकरंद येऊन नवा ब्राउझर घालून गेला होता. बाईंनी तसं सांगितलंही, "आता म्हणे वेगात चालतं". माझं लक्ष नव्हतं. पत्त्यापुढे तिची अक्षरं होती.

"अभिनंदन, तू विचारलंस त्याचं उत्तर"

इथे पट्टी संपत होती.

"शेडबाळे, आवाज."

मी ओळीच्या शेवटी एकदा क्लिक केलं. सगळी ओळ निळी झाली. पत्ता, माझं नाव, उत्तर, सगळं निळं. मला ते सुंदर वाटलं, हे इथे नमूद करतो. तिच्या ओळीला रंग आलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि हात सवयीने खाली गेला आणि स्पेसबार वाजला.

पट्टी पांढरी झाली.

मधोमध नाही, अगदी डावीकडे, एक उभी रेघ लुकलुकत होती. मी एस्केप दाबलं. साईटचा पत्ता इमानदारीने परत आला, शेपटासकट. त्याच्यापुढे काही नव्हतं. पुढे एका जाणकाराने मला सांगितलं, की एस्केपच्या आधी कंट्रोल आणि झेड दाबलं असतं तर कदाचित सगळं परत आलं असतं. जाणकार माणसं नेहमी पुढेच भेटतात.

मी वेड्यासारखा स्पेसबार बडवत राहिलो. बाई खूश होत्या.

थोड्या वेळाने त्या उठून माझ्या बाजूला आल्या. "आवळ्यांचं झालं?"

"अपेक्षांचा रकाना कोरा आहे, बाई."

"मग फोन करून विचारा की वडिलांना. मी बसलेच आहे."

वैजयंताकडे स्वतःचा फोन नव्हता. कागदावर वडिलांचा नंबर होता. मी केंद्राच्या फोनवरून तो फिरवला. बाई समोर हात बांधून बसल्या. खाली एक तार चढवणं चालू होतं.

"हॅलो, शंकरराव आवळे का? आकाशगंगा वधू-वर सूचक केंद्रातून बोलतोय."

"बोला की. एवढ्यात स्थळ आलं व्हय?"

"नाही. मुलीच्या अपेक्षा लिहायच्या राहिल्यात."

"आमच्या कसल्या ओ अपेक्षा. निर्व्यसनी लिहा."

"तुमच्या नाही. मुलीच्या."

फोन तोंडाजवळ तसाच ठेवून ते ओरडले, "वैजे, केंद्रातनं फोन हाय! तुझी अपेक्षा काय, विचारत्यात!"

लांबून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा. "सकाळीच लिहून दिलंय म्हणावं."

"सकाळीच लिहून दिलंय म्हणतीया."

बाई बघत होत्या. "हो, पण... ते पोचलं नाही."

"पोचलं न्हाई म्हणत्यात!"

तार आणखी एक पेच वर चढली. मग तिने विचारलं, "कोण बोलतंय?"

"कोण बोलतंय तुम्ही?"

"शेडबाळे."

"शेडबाळे म्हणून हायत कोण."

मला वाटलं, फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, पण जवळून, दारापर्यंत आल्यासारखा.

"मग राहू दे म्हणावं. कोराच ठेवा."

"कोराच ठेवा म्हणतीया," शंकरराव म्हणाले. "निर्व्यसनी तेवढं लिहा. आणि पाटणकर बाईंना सांगा, उद्यापास्नं ती कामावर यायची न्हाई. पोरगी दाखवायला काढल्यावर बरं दिसत न्हाई ते."

मी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"निर्व्यसनी."

"चांगलंय. चढवा."

मी माझा हिशोब लावला. तिने नाही असं लिहिलं असणार, आणि तेच तोंडाने पुन्हा सांगायचा तिला संकोच वाटला असणार. मी तिची उंची चढवली, रंग चढवला, वाचन चढवलं आणि एंटर मारला. तो पहिल्या फटक्यात लागला.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा खुर्ची माझ्याच उंचीवर होती.

तरी मी पट्टीत लिहून ठेवायचो. "काय लिहिलं होतंस?" दुसऱ्या दिवशी ते तसंच असायचं. मी पुसून पुन्हा लिहायचो, शिळं दिसू नये म्हणून. एकदा धीर करून तिच्या गल्लीत गेलो. दारात बऱ्याच चपला होत्या आणि कुणीतरी त्या ओळीने नीट लावल्या होत्या. चपला नीट लावलेल्या असल्या, की आत कांदेपोहे चालू आहेत असं समजावं. हे मला नोकरीने शिकवलं होतं. मी परत आलो. पुढे कळलं, स्थळ सोलापूरचं होतं. मीच चढवलेल्या माहितीवरून आलेलं. बाईंनी केंद्रात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

आता बाई घरी असतात आणि केंद्र मी चालवतो. कॉम्प्युटर तीन झालेत. विश्रांती कुणालाच नाही. खाली तारा लावणं चालू आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी ती आली. केसांत थोडी पांढरी रेघ, हातात कागद. मी उठून उभा राहिलो आणि का उठलो ते न कळून पुन्हा बसलो.

"नणंदेचं नाव नोंदवायचंय," ती म्हणाली. "तुम्हीच बघता का आता सगळं?"

"हो. बसा ना."

"ही तीच खुर्ची का हो?"

"चाकं बदललीत."

मी कागद घेतला आणि साईट उघडायला पट्टीत क्लिक केलं. थांबलो. मग पुन्हा क्लिक केलं. तीनही कॉम्प्युटरवर मी असंच करतो. एकाच्या पट्टीत पहिल्या क्लिकला सगळं निळं होतं, दुसऱ्याच्या पट्टीत नुसती रेघ लुकलुकते, आणि तिसऱ्याला घाई केलेली खपत नाही. दुसरं क्लिक लवकर पडलं तर तो एकच शब्द धरून बसतो. कोण काय करेल सांगता येत नाही, म्हणून मी सगळ्यांशीच जपून वागतो.

ती हसली. जुनंच हसू, जरा वापरलेलं.

"म्हणजे वाचलं होतंत तुम्ही."

"काय?"

"मी शेवटी लिहिलं होतं ते. मकरंददादांनी नवीन काहीतरी घातलंय, एका क्लिकला सगळं निळं होतंय. एकदा क्लिक कर, दम खा, मग परत कर. मधे स्पेसबार मारू नको."

"हे कुठं लिहिलं होतंस?"

"शेवटी, म्हटलं की."

"पट्टीतच?"

"मग काय भिंतीवर लिहू? बाई होत्या ना समोर."

विहिरीच्या तळाशी जाऊन कुणीतरी प्रेमाने पाटी लावावी, 'सावकाश, पुढे विहीर आहे', तसं ते होतं. मला हसू आलं. ते निम्म्यातच थांबलं.

"नाही वाचलं," मी म्हणालो. "निळं झालं आणि मी स्पेसबार मारला."

"मग हे दम खाऊन क्लिक करणं कुठं शिकलास?"

"तिथंच."

तिने नणंदेचा कागद माझ्या हातातून परत घेतला, दुमडला, पुन्हा उलगडला.

"आणि त्याच्या आधीचं?"

"'उत्तर' इथवर दिसलं होतं. पुढचं काठाबाहेर गेलं."

"पुढं फार नव्हतं काही," ती म्हणाली. "एकच अक्षर होतं. बाकी सगळं क्लिकचं."

खाली कुणीतरी तार छेडली, ऐकली, आणि पुन्हा खुंटी पिळली.

"मग फोनवर राहू दे का म्हणालीस?"

"तू पोचलं नाही म्हणालास. माणसं असंच म्हणतात ना, नको असलं की. घरात लग्नाचं काढलेलं, आणि वर केंद्रातून फोन करून, बापाच्या तोंडून..." तिने मान हलवली. "मला वाटलं, घाबरलास. कागद बघून."

"मला वाटलं, तू नाही लिहिलंस."

"नाही लिहायला दोन अक्षरं लागतात," ती म्हणाली. "एवढं टायपायला वेळ कुणाला होता?"

मग ती उठली आणि म्हणाली, "सरका जरा, नणंदेचं मीच चढवते. तुमचा हात अजून लाडवाचाच असेल." ती माझ्या खुर्चीत बसली, खालचा दांडा ओढला आणि खुर्ची खाली घेतली. भराभर टायपलं. अपेक्षांच्या रकान्याशी आल्यावर थांबली.

"काय लिहायचं?" मी विचारलं.

"लिहा... लिहिते निर्व्यसनी," ती म्हणाली, आणि एंटर मारला.

जिन्यावरून तिच्या चपला उतरत गेल्या. खुर्ची तिने केली तशीच आहे, खाली. गुडघे दुखतात, पण वर घ्यायला अजून सवड झालेली नाही.

तरी जगातील सर्व ब्राउझर बनवणाऱ्यांना या केंद्रामार्फत नम्र विनंती, की पत्त्याच्या पट्टीत क्लिक केले असता कुठे सर्व मजकूर निळा होतो, कुठे एक शब्द, तर कुठे काहीच होत नाही, ही तफावत तातडीने दूर करण्यात यावी. पहिल्या क्लिकवर कोणाचेही काहीही धरले जाऊ नये. आणि सदर दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने, कु. वैजयंता शंकर आवळे यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या दुपारपासून, लागू समजण्यात यावी.